गाठीच्या पैशावर उभा राहिलेला क्लाउड : झोहोविषयी वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले दस्तऐवज, तक्ते आणि सादरीकरणे यांचे काम झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या साधनांवर नेत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून या सदराकडे झोहोविषयीची पत्रे सतत येत आहेत. कोणते अ‍ॅप घ्यावे, कोणते घेऊ नये असे विचारणारी पत्रे त्यांत अधिक आहेत. मात्र ही कंपनी कोठून आली, कशी वाढली आणि तिच्यावर विसंबावे की नाही, असे विचारणारी काही पत्रेही आहेत. मला ती जास्त महत्त्वाची वाटली, म्हणून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझे सांगलीत शेतीच्या अवजारांचे दुकान आहे. हिशेब मी गेली अनेक वर्षे दुकानातल्याच संगणकावर ठेवतो. आता मुलगा म्हणतो की सगळे क्लाउडवर नेऊ या. क्लाउडवाले आपल्याला नेमके काय विकतात, आणि ही कल्पना मुळात झोहोची आहे का?

उत्तर : कल्पना झोहोची नाही, तिचा उगम अमेरिकेत आहे. आपल्याकडे व्यापाऱ्याला सॉफ्टवेअर म्हटले की टॅली आठवते. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचे हे उत्पादन. त्याची पारंपरिक रीत अशी, की आपण परवाना विकत घेतो, कार्यक्रम (प्रोग्रॅम) आपल्या संगणकावर बसवतो आणि खतावणी आपल्याच डिस्कवर राहते. तिची दुसरी प्रत काढून ठेवण्याची जबाबदारीही आपलीच असते. मी वीसेक वर्षे लहान व्यापाऱ्यांना हिशेबाच्या प्रणाली बसवून देण्याचे काम केले आहे. ऐन मार्च महिन्यात डिस्क बिघडल्यामुळे वर्षभराची उधारीची नोंद गमावून बसलेले एक घाऊक व्यापारी माझ्या समोर खुर्चीत सुन्न बसले होते, ते दृश्य मी विसरलेलो नाही.

क्लाउडमध्ये कार्यक्रम आणि विदा (डेटा) ही दोन्ही कंपनीच्या सर्व्हरवर असतात. आपण ब्राउझरमधून आत शिरतो आणि वापरणाऱ्या माणसांच्या संख्येनुसार महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरतो. आतली रचना समजण्यासाठी चाळ डोळ्यांसमोर आणावी. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि कुलूप वेगळे असते, परंतु जिना, पाण्याची टाकी आणि छप्पर सर्वांचे एकच असते. तशी एकाच कार्यक्रमाच्या एकाच प्रतीवर हजारो ग्राहकांची खाती चालतात आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसत नाही. छपराची दुरुस्ती एकदा केली की ती सगळ्यांना मिळते, त्यामुळे प्रत्येक दुकानात माणूस पाठवून नवी आवृत्ती बसवावी लागत नाही. जुन्या पद्धतीपेक्षा हा धंदा स्वस्तात चालू शकतो याचे कारण या एका गोष्टीत आहे.

हिशेबाचे काम इंटरनेटवरून देणारी नेटलेजर ही कंपनी १९९८ साली सुरू झाली. तीच पुढे नेटस्वीट म्हणून ओळखली गेली. पाठोपाठ मार्च १९९९ मध्ये ओरॅकल ही बडी सॉफ्टवेअर कंपनी सोडून आलेले मार्क बेनिऑफ आणि त्यांचे तीन सहकारी पार्कर हॅरिस, डेव्ह मोलेनहॉफ व फ्रँक डॉमिंग्वेझ यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका लहानशा भाड्याच्या घरात सेल्सफोर्स सुरू केली. ग्राहकांच्या नोंदी, विक्रेत्यांच्या भेटीगाठी आणि येऊ घातलेल्या मागण्या यांची व्यवस्था ठेवणारे सॉफ्टवेअर त्या काळी सीबेल या बड्या कंपनीकडून घ्यावे लागे, आणि ते बसवण्यातच महिनोन्महिने जात. सेल्सफोर्सने तेच काम वर्गणीवर देऊ केले. २००६ साली सीबेल ओरॅकलच्या पोटात गेली, आणि तोपर्यंत सेल्सफोर्स न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली जाऊन दोन वर्षे होत आली होती. झोहो या मार्गावर आली ती २००५ साली, म्हणजे पहिल्या वाटसरूंच्या बरीच मागून.

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. झोहो १९९६ सालची कंपनी आहे असे वाचले. क्लाउड तर तेव्हा नव्हता. मग ही कंपनी नऊ वर्षे करत काय होती?

उत्तर : आपला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. माझ्या मते या कंपनीच्या इतिहासाचा गाभा त्या नऊ वर्षांतच आहे.

झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू हे मूळचे तमिळनाडूतल्या तंजावर भागातले. त्यांनी १९८९ साली आयआयटी मद्रासमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात पीएचडी केली आणि नंतर सॅन दिएगो येथे क्वालकॉम या दूरसंचार तंत्रज्ञानाच्या कंपनीत नोकरी धरली. १९९६ साली टोनी थॉमस, वेंबूंचे भाऊ आणि काही सहकारी यांनी मिळून कंपनी उभी केली. तिचे नाव होते अ‍ॅडव्हेंटनेट. विक्री अमेरिकेत आणि अभियंते चेन्नईत अशी तिची रचना होती. झोहो हे नाव तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

अ‍ॅडव्हेंटनेट जे विकत होती ते सामान्य माणसाच्या नजरेस कधी पडत नाही. दूरसंचाराच्या जाळ्यात शेकडो उपकरणे असतात आणि ती वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली असतात. त्यातले प्रत्येक उपकरण चालू आहे की बंद, त्याच्यावर किती भार आहे, कोठे अडथळा आला आहे, हे एका जागी बसून विचारता यावे म्हणून संगणकविश्वात एक समान भाषा ठरवलेली आहे. उपकरणाला ही भाषा बोलता यावी आणि देखरेख करणाऱ्याला ती ऐकता यावी, यासाठी लागणारे तयार सॉफ्टवेअर अ‍ॅडव्हेंटनेट उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटची भरभराट होती आणि अशा उपकरणांच्या नवनव्या कंपन्या दररोज निघत होत्या, त्यामुळे धंदा उत्तम चालला.

२०००-०१ मध्ये तो फुगा फुटला. उपकरणे बनवणाऱ्या कित्येक कंपन्या बंद पडल्या आणि उरलेल्यांनी खर्च आवरले, त्यामुळे अ‍ॅडव्हेंटनेटचे गिऱ्हाईकच नाहीसे होऊ लागले. अशा वेळी बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीत काय घडते, हे त्या काळी अनेकांनी पाहिले : गुंतवणूकदार हात आखडतात, माणसे कमी होतात, आणि शेवटी उरलेसुरले विकून टाकले जाते. अ‍ॅडव्हेंटनेटमध्ये बाहेरचा गुंतवणूकदारच नव्हता. चांगल्या वर्षांतली शिल्लक गाठीला होती आणि चेन्नईतला खर्च आटोक्यात होता. काम कमी झाल्यामुळे मोकळे झालेले अभियंते कंपनीने नव्या उत्पादनांकडे वळवले.

यातून २००२ साली मॅनेजइंजिन निघाले. यातली युक्ती बारकाईने पाहावी. जाळ्यावर देखरेख कशी करावी याचे ज्ञान कंपनीकडे आधीच होते. तेच ज्ञान तिने उपकरणे बनवणाऱ्या थोड्या बड्या कंपन्यांऐवजी ती उपकरणे वापरणाऱ्या हजारो कचेऱ्यांच्या संगणक विभागांना विकायला घेतले. ही बाजारपेठ आयबीएम आणि एचपी यांच्यासारख्यांच्या हातात होती, आणि त्यांचे सॉफ्टवेअर मध्यम आकाराच्या कंपनीला परवडणारे नव्हते. मॅनेजइंजिन संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे, काही दिवस फुकट वापरून पाहायचे आणि पटले तर विकत घ्यायचे, अशी सोय होती. एक मोठा ग्राहक गेला म्हणजे कंबरडे मोडते, हा २००१ चा अनुभव कंपनीने येथे कामाला लावलेला दिसतो.

पुढे मॅनेजइंजिनच्या कमाईवर २००५ साली झोहो सुरू झाले. लहान कचेऱ्या आणि घरातून चालणारे व्यवसाय यांच्यासाठी इंग्रजीत ‘सोहो’ हे आद्याक्षरांचे नाव आहे. त्यावरून ‘झोहो’ बेतले. पहिल्याच वर्षी ग्राहकांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर आणि झोहो रायटर ही दोन्ही आली. रायटर म्हणजे ब्राउझरमध्ये मजकूर लिहिण्याची सोय. २००६ मध्ये तक्ते, सादरीकरणे आणि प्रकल्पांची व्यवस्था यांची भर पडली. गूगलने राइटली ही कंपनी विकत घेऊन आपली दस्तऐवजांची सेवा बाजारात आणली, तेही २००६ सालीच. ऑगस्ट २००८ पर्यंत झोहोचे वापरकर्ते दहा लाख झाले आणि २००९ मध्ये संपूर्ण कंपनीचेच नाव झोहो कॉर्पोरेशन झाले. धाकट्या लेकराच्या नावाने घर ओळखले जाऊ लागले, परंतु घरखर्च तेव्हाही बव्हंशी थोरल्याच्या मिळकतीवर चालत होता, हे विसरू नये.

प्रश्न : ठाण्याहून लिहितो आहे. माझी लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि मी गुंतवणूकदार शोधतो आहे. बाहेरचा पैसा न घेता क्लाउडचा धंदा मोठा करता येतो, हे झोहोने सिद्ध केले असे म्हणता येईल का?

उत्तर : करता येतो हे सिद्ध झाले, पण कोणत्या अटींवर, ते नीट पाहिले पाहिजे. वर्गणीच्या धंद्याचे गणित आधी मांडतो; आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एक ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरात, प्रात्यक्षिक आणि विक्रेत्याचा पगार मिळून १२,००० रुपये लागतात असे धरू. तो ग्राहक महिन्याला १,००० रुपये देतो आणि त्याला सेवा पुरवण्यासाठी ४०० रुपये खर्च होतात. हाती उरतात ६०० रुपये. म्हणजे त्या ग्राहकावर घातलेली रक्कम निघायला २० महिने लागतात. हजार ग्राहक हवे असतील तर १ कोटी २० लाख रुपये आधी घालावे लागतील, आणि पुढच्या वर्षी दोन हजार नवे ग्राहक हवे असतील तर पहिल्यांचे पैसे पुरते निघण्याआधीच आणखी २ कोटी ४० लाख. ग्राहक जितके झपाट्याने वाढतील तितका खड्डा खोल होत जातो. जुन्या पद्धतीत परवान्याची पूर्ण किंमत पहिल्याच दिवशी हाती येई, त्यामुळे हा खड्डा पडत नसे.

खड्डा बुजवण्याचे मार्ग मोजके आहेत. सेल्सफोर्सने गुंतवणूकदारांचे भांडवल घेतले, आणि सुरुवातीची महिन्या-महिन्याची वर्गणी पुढे वर्षभराच्या करारांकडे आणि आगाऊ रकमेकडे वळवली. झोहोचा मार्ग निराळा होता. तिच्याजवळ मॅनेजइंजिनसारखे, किंमत आधी मिळणारे उत्पादन होते, आणि त्याच्या कमाईवर तिने क्लाउडची वाट पाहिली. जोडीला ग्राहक मिळवण्याचा खर्चच तिने कमी ठेवला : विक्रेत्यांची मोठी फौज उभी केली नाही, किमती कमी ठेवल्या, फुकट वापरणाऱ्यांना आत येऊ दिले आणि त्यांतून पैसे देणारे हळूहळू तयार होऊ दिले. वाचवलेला पैसा तिने अभियंत्यांवर लावला.

याची किंमत तिने वेळेत मोजली. सेल्सफोर्सची वार्षिक उलाढाल सुरुवातीपासून दहा वर्षांच्या आत, जानेवारी २००९ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात, एक अब्ज डॉलरपलीकडे गेली. झोहोने हा टप्पा ओलांडल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले, म्हणजे १९९६ पासून सव्वीस वर्षांनी. सव्वीस वर्षे थांबण्याची मुभा तिला होती, कारण ‘माझे पैसे कधी परत मिळणार’ असे विचारणारे कोणी दाराशी उभे नव्हते. ज्याच्या पैशावर आपण वाढतो, त्याचे कॅलेंडर आपल्या भिंतीवर लागते, असे मला वाटते. आपण गुंतवणूकदार शोधत आहात, तर रकमेइतकीच त्यांच्या कॅलेंडरचीही चौकशी करावी.

दुसऱ्या मार्गाला कमी लेखण्याचे कारण मात्र नाही. झोहोतच घडलेले गिरीश मातृभूतम आणि शान कृष्णसामी यांनी २०१० साली चेन्नईत फ्रेशडेस्क सुरू केले. त्यांनी अ‍ॅक्सेल आणि टायगर ग्लोबल यांच्यासारख्या गुंतवणूकदारांचे भांडवल घेतले, कंपनीचे मुख्यालय कॅलिफोर्नियात नेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स या नावाने नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात शेअर विकून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभारली. एकाच शहरातून, एकाच घराण्यातून निघालेल्या दोन कंपन्या दोन वेगळ्या वाटांनी गेल्या आणि दोन्ही उभ्या राहिल्या. आपल्याकडे आज थोरल्या लेकरासारखे कमावते उत्पादन नसेल, तर केवळ ‘झोहोने घेतले नाहीत’ म्हणून आलेले पैसे परत पाठवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. सेवेची कामे घेऊन, त्यांतली शिल्लक उत्पादनात घालणे हा मधला मार्ग आहे. तो दमवणारा आहे, कारण ग्राहकाच्या निकडीपुढे स्वतःचे उत्पादन दर वेळी मागे पडते. तरी ज्यांनी आठवड्याचे ठरावीक दिवस उत्पादनासाठी राखून ठेवले आणि ते मोडले नाहीत, त्यांना तो साधलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. झोहोचे खेड्यातले कार्यालय आणि बारावीच्या मुलांना घेणारी शाळा, हे खरे आहे की केवळ गाजावाजा आहे?

उत्तर : खरे आहे, आणि ते अचानक सुचलेले नाही. कंपनीने अशा शिक्षणाचा प्रयोग २००४-०५ च्या सुमारास, अगदी मोजक्या मुलांना घेऊन सुरू केला. त्यामागचे कारण वेंबूंनी अनेकदा सांगितले आहे : कोणत्या महाविद्यालयाची पदवी आहे आणि गुण किती आहेत, यांचा कामातल्या कर्तबगारीशी फारसा मेळ बसत नाही, असे त्यांना स्वतःच्याच कर्मचाऱ्यांकडे पाहून दिसले. आज झोहो स्कूल्स ऑफ लर्निंग या नावाने चालणाऱ्या या शिक्षणात बारावी किंवा पदविका झालेल्या मुलामुलींना घेतात. शुल्क नसते, उलट विद्यावेतन मिळते, आणि शिक्षण पुरे करणाऱ्यांना कंपनीतच काम दिले जाते.

खेड्यातले कार्यालय आहे ते तेनकाशीजवळ, मतलंपारै या गावी, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या पायथ्याशी. ते २०११ मध्ये सुरू झाले. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या झोहो डेस्क या उत्पादनाच्या घडणीत त्या कार्यालयाचा मोठा वाटा आहे, म्हणजे तेथे केवळ फोन उचलण्याचे काम दिलेले नाही. वेंबू स्वतः २०१९ पासून त्या भागात राहू लागले.

हे आपल्याकडे होईल का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. माझे मत असे, की हे शक्य होण्यामागे कंपनीचा धंदा उत्पादनाचा आहे ही गोष्ट निर्णायक आहे. दुसऱ्याच्या कंत्राटावर काम करणाऱ्या कंपनीला माणूस आला त्या महिन्यापासून त्याच्या तासांचे बिल लावावे लागते, त्यामुळे दोन वर्षे कोणाला शिकवत बसणे तिला परवडत नाही. उत्पादनाच्या कंपनीत एखाद्या मुलीने दोन वर्षे शिकून पुढची दहा वर्षे एकाच उत्पादनावर काम केले, तर ते दोन वर्षांचे पैसे सहज वसूल होतात. शिवाय शेअर बाजाराला दर तिमाहीचा हिशेब द्यायचा नसल्यामुळे अशा खर्चाचे समर्थन कंपनीला बाहेर कोणापुढे करावे लागत नाही. भुदरगड किंवा शाहूवाडीत इमारत आणि जलद इंटरनेट देणे सरकारला जमेल, परंतु आत बसून धीराने शिकवणारी उत्पादनाची कंपनी आणणे ही खरी अवघड गोष्ट आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी संगणक उद्यानाची घोषणा होते तेव्हा नेमके हेच विचारले जात नाही याची मला खंत वाटते.

प्रश्न : पुण्यात इतके संगणक अभियंते असताना येथून अशी क्लाउड कंपनी का निघाली नाही? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : निघाल्या आहेत, फक्त आपल्या दुकानदारांना त्यांची नावे माहीत नाहीत. ड्रूवा २००८ साली पुण्यात सुरू झाली. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन हे तिचे संस्थापक. कंपन्यांच्या विदाची राखीव प्रत क्लाउडवर सुरक्षित ठेवणे हे तिचे काम. समीर बोडस आणि मोनीश दर्डा यांनी २००९ साली सुरू केलेली आयसर्टिस मोठ्या कंपन्यांच्या करारमदारांची व्यवस्था पाहते, आणि तिच्या अभियांत्रिकीचे मोठे केंद्र पुण्यात आहे. दोन्ही कंपन्यांचे मूल्यांकन २०१९ साली एक अब्ज डॉलरच्या वर गेले. दोघींनी बड्या, मुख्यतः अमेरिकी, ग्राहकांचा मार्ग धरला, गुंतवणूकदारांचे भांडवल घेतले आणि मुख्यालये अमेरिकेत ठेवली. झोहोने लहान व्यावसायिक निवडला, म्हणून ती आपल्या बाजारपेठेतल्या माणसाला ओळखीची झाली. पुण्याची बुद्धी कमी पडली असे मुळीच नाही.

प्रश्न : मडगावात आमचा हॉटेलांना लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा आहे. आमचे बिल, साठा आणि ईमेल तिन्ही झोहोवर आहेत. एका कंपनीवर इतके विसंबणे धोक्याचे नाही का? वेंबूंनी पद सोडले असेही ऐकले.

उत्तर : आधी पदाविषयी. जानेवारी २०२५ मध्ये वेंबू मुख्य कार्यकारी अधिकारी या पदावरून दूर होऊन कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ झाले, आणि त्यांच्या जागी पहिल्या फळीतले सहसंस्थापक शैलेशकुमार दवे आले. टोनी थॉमस अमेरिकेचा कारभार पाहतात. म्हणजे घरचीच, जुनी जाणती माणसे पुढे आली आहेत. त्याच वर्षी कंपनीने चिप बनवण्याचा सुमारे ७० कोटी डॉलरचा बेत थांबवला, कारण त्या तंत्रज्ञानाच्या वाटेविषयी पुरेशी खात्री वाटत नव्हती. झेपणार नाही असे दिसल्यावर मागे फिरता येणे, हे मी चांगल्या प्रकृतीचे लक्षण मानतो. झोहोचे वापरकर्ते २०२३ मध्ये दहा कोटी झाले, आणि केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्थाही आता तिच्याकडे आहे. कंपनी उद्या नाहीशी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

तरी आपली शंका रास्त आहे. या कंपनीचे शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे दर तिमाहीला जगापुढे मांडलेला ताळेबंद आपल्याला वाचायला मिळत नाही. जे स्वातंत्र्य तिला धीर देते, तेच आपल्यापुढचा पडदाही आहे. पन्नासच्या आसपास अनुप्रयोग (अ‍ॅप) एका छत्राखाली देताना प्रत्येक अनुप्रयोग सारख्याच खोलीचा होत नाही, हेही मी वापरातून सांगू शकतो : बिले आणि ग्राहकांच्या नोंदी यांचे काम भक्कम आहे, पण गुंतागुंतीचे तक्ते करणाऱ्याला तेथे अडखळायला होते. आणि सेवा खंडित होण्याचा एक प्रसंग तर सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. २४ सप्टेंबर २०१८ रोजी झोहोच्या ईमेल सेवेतून फसवे संदेश जात असल्याच्या काही तक्रारींवरून तिचे संकेतनाम (डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) सांभाळणाऱ्या नोंदणी कंपनीने ते नावच निलंबित केले. सर्व्हर चालू होते आणि विदा जागच्या जागी होता, परंतु पत्ताच पुसला गेल्यामुळे लाखो लोकांना आत शिरता येईना. स्वतःची विदाकेंद्रे बाळगणारी कंपनी पत्त्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून होती, आणि नेमका तोच दुवा तुटला. भारतातल्या ग्राहकांचा विदा आज मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रांत ठेवला जातो, त्यामुळे विदाच्या जागेची काळजी कमी झाली, पण आपल्या बाजूचे दुवे आपणच तपासायला हवेत.

आपल्यासाठी ते असे. आपल्या व्यवसायाचे संकेतनाम आपल्याच नावावर नोंदलेले आहे ना, की ते बसवून देणाऱ्या मुलाच्या नावावर आहे, हे आज पाहावे. माझ्या माहितीतले निम्मे तंटे येथेच सुरू होतात. प्रशासकाचे खाते एकट्याच्या हाती न ठेवता दोघांकडे ठेवावे आणि त्यातला एक घरचा असावा. दर महिन्याला खतावणी, ग्राहकांची येणी, साठ्याची यादी आणि बिले तक्त्याच्या व पीडीएफच्या रूपात उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवावीत. हे काम जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या दिवसाला जोडून दिले म्हणजे विसरले जात नाही. तिन्ही कामे एका कंपनीकडे असण्याचा लाभ मोठा आहे, कारण बिल बनताच साठा आपोआप कमी होतो आणि ग्राहकाला पत्रही जाते. तो सोडा असे मी सांगणार नाही. मात्र वर्षातून एकदा, पावसाळ्यात हॉटेलांची मागणी मंद असते तेव्हा, उतरवून ठेवलेल्या त्या तक्त्यांवरून एका दिवसाचा व्यवहार दुसऱ्या कोणत्याही प्रणालीत किंवा साध्या वहीत उभा करून पाहावा. काही अडले तर कोणता रकाना उतरलाच नव्हता ते त्याच दिवशी कळेल, आणि तो पुढच्या महिन्यापासून घेता येईल.